हेतू, पाचशे शब्दांत

फॉर्म विचारतो, वाचा-उपचारच का?
पाचशे शब्दांत. इंग्रजीत. रात्री बाराच्या आत.

मी लिहिते : लहानपणापासूनच मला सेवेची आवड.
खोडते.
लहानपणापासून मला आवड होती ती
गंगेवरच्या भेळेची, आणि दुपारी दोन ते तीनची,
जेव्हा आमच्या तांबट आळीत
सगळे हातोडे एकदम जेवायला बसायचे.
त्या एका तासात कळायचं
की शेजारच्या काकूंना गाता येतं.

चार संस्था. चार पासवर्ड.
म्हैसूर, मुंबई, पुणे, आणि एक दूरची,
जिची फी परत मिळत नाही हे तीन ठिकाणी लिहिलंय.
बर्वे मॅडमचं शिफारसपत्र अजून आलेलं नाही;
त्या म्हणतात, टाकते गं, टाकते,
दळण टाकायचं राहिल्यासारखं.
आत्या विचारते, कॅनडाला चाललीस म्हणे?
कॅनडा कॉर्नरला, आत्या.

तिथल्या दवाखान्यात दीड वर्षं मी
खुर्च्या मांडल्या, आरसा पुसला,
आणि ओजसच्या जिभेला मागची वाट दाखवली.
पाच वर्षांचा ओजस काकाला ताता म्हणायचा,
कावळ्याला तावळा.
आम्ही गुळण्या केल्या, घोरलो, खोटं खोटं खोकलो,
चमच्याच्या दांड्याने जिभेचं टोक खाली धरलं.
सतरा आठवड्यांनी, एका मंगळवारी,
खिडकीकडे बघून तो म्हणाला, क.
नुसता क. कावळा तोवर उडून गेला होता.
त्याची आई पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली,
बराच वेळ.

हे लिहिलं तर एकशे दहा शब्द सहज होतील.
पण हे कारण नव्हे. हे नंतरचं.

दुसऱ्या वर्षी सरावाला माणूस हवा होता,
म्हणून बाबांना काचेच्या खोलीत बसवलं.
आवाज आला की बोट वर करा.
शहाण्या मुलासारखं त्यांनी बोट तयार ठेवलं.
मी बटण दाबत गेले.
चार हजारपाशी आलेख
कपालेश्वराच्या पायऱ्यांसारखा उतरला
आणि काचेपलीकडे त्यांचं बोट तसंच,
वाट बघत.

चाळीस वर्षं घागरीच्या पोटावर हातोडा.
घ, ढ, भ, म, भांड्यात घुमणारी अक्षरं
अजून त्यांची आहेत.
स गेला. श गेला. फ, बहुतेक.
माझं नाव सुषमा.
फोनवर मी कित्येक वर्षं उमा आहे.
घरात कुणी याला आजार म्हणत नाही;
बाबांचं आपलं लक्ष नसतं, एवढंच.

खाली एक चौकट : पालकाची सही, स्कॅन करून.
अकरा वीस.
मी दारातूनच म्हटलं, बाबा, सही.
ते उठले. आत गेले. फ्रीजचं दार वाजलं.
वाटी घेऊन आले, वर साखर पेरलेली,
म्हणाले, हात पुढे कर.
परीक्षा उद्या आहे होय? सांगायचंस तरी.

डावा पुढे केला. उजवा, म्हणाले.
उजव्या तळहातावर दही. आंबट, तीन दिवसांचं.
चाटलं.
मग दिव्याखाली उभी राहिले, ओठ दिसतील अशी,
आणि चिकट बोटांनी हवेत सही केली.
ते आधी माझ्या हाताकडे बघत राहिले,
मग वाटीकडे,
मग असे हसले की आई जागी झाली.
दामोदर गणपत तांबट.
सगळी अक्षरं ठोकून बसवलेली,
कागदाच्या मागच्या बाजूला हाताला लागतात.

चारशे बारा शब्द झालेत.
दह्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येतं.
तो शब्द लिहिला तर तपासणाऱ्याला
काहीच ऐकू जाणार नाही.
तरी लिहिला.

अकरा एकोणपन्नास. फोन थरथरला.
बर्वे मॅडम : टाकलं गं.